एक रुपया गेला, विमाही गेला?
गिरणाकाठच्या भडगावात खरीप म्हणजे मुख्यतः कपाशी. 2023 मध्ये पीक विमा एका रुपयात मिळू लागला आणि सेवा केंद्रांवर रांगा लागल्या. 2025 च्या खरिपात ती सवलत संपली. कपाशीला विमा रकमेच्या कमाल 5 टक्के हप्ता आला. पण माझ्या मते खरी मेख वेगळीच आहे. पूर्वी पाऊस कोसळला, की 72 तासांत मोबाईलवरून नुकसान कळवता येई. 2025 च्या खरिपापासून भरपाई ठरू लागली पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे महसूल मंडळातल्या काही शेतांत कापून मोजलेल्या उत्पादनावर. मंडळाची सरासरी बरी निघाली, तर एकट्याचं बुडालेलं शेत हिशेबातच नाही! मग दोन एकरवाला हप्ता कशाला भरेल? विमा काढलाच असेल, तर ई-पीक पाहणीत, म्हणजे सरकारी पीक नोंदीत, तेच पीक नोंदवा.