नोकरीच्या जाहिरातीतली एक ओळ
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं, "आयटीत सध्या काय चाललंय यावर पंधरा मिनिटं बोल." त्यातल्या अर्ध्या गोष्टी तुमची मुलंच तुम्हाला माझ्यापेक्षा चांगल्या सांगतील. म्हणून मी एकाच कामाबद्दल बोलणार आहे. सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं मूळ काम. पण टीम सांभाळायला लागल्यापासून, म्हणजे गेली दहा-बारा वर्षं, माणसं निवडायचं कामही माझ्याकडे आहे. जागा निघाली की जाहिरात लिहायची, आलेले अर्ज बघायचे, मुलाखती घ्यायच्या. त्या जाहिरातीला आमच्याकडे 'जेडी' म्हणतात. जॉब डिस्क्रिप्शन, म्हणजे कामाचं वर्णन. आपल्यापैकी अनेकांची मुलं आता नोकरी शोधण्याच्या वयात आली आहेत, आणि "शंभर अर्ज टाकले, एकाचंही उत्तर नाही" हे वाक्य मी वरचेवर ऐकते. तो अर्ज जातो कुठे, हे मला आज सांगायचंय.

सुरुवात एका जुन्या जाहिरातीपासून करते. ती तुम्हाला ठाऊक आहे. १९७४ साल. बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये टेल्को कंपनीची जाहिरात फलकावर लागली होती. हुशार, मेहनती तरुण अभियंते हवेत, आणि खाली एक ओळ: महिलांनी अर्ज करू नये. तिथे शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती यांनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवलं. त्यांना पिंपरीला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि नोकरीही मिळाली.

आपण ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण जाहिराती लिहायला लागल्यापासून मला त्यातली दुसरी बाजू जास्त छळते. तोच फलक वाचून ज्या मुली मुकाट्याने वर्गात परत गेल्या असतील, त्यांची नोंद कुठेच नाही. पोस्टकार्ड लिहिणारी एखादीच असते. जाहिरातीने जो बाहेर राहतो तो कधी कुणाला दिसत नाही, म्हणून जाहिरात लिहिणाऱ्याला आपलं काही चुकलंय असं वाटतही नाही.

पुढे १९७६ मध्ये समान वेतन कायदा आला आणि नोकरभरतीत स्त्री म्हणून डावलायला त्याने बंदी केली. तशी ओळ आज कुणी छापणार नाही. पण माणसं बाहेर ठेवणाऱ्या ओळी संपलेल्या नाहीत. आता त्या सभ्य भाषेत येतात. "दहावी, बारावी, पदवी सलग ६० टक्के." "शैक्षणिक खंड नसावा." "इंग्रजी संभाषण उत्कृष्ट हवं." "अमुक तंत्रज्ञानाचा इतक्या वर्षांचा अनुभव."

या ओळी येतात कुठून? खरं सांगते, बहुतेक वेळा मागच्या जाहिरातीतून. जागा तातडीने भरायची असते. कुणीतरी जुनी फाईल उघडतं, नाव बदलतं, एक अट वाढवतं आणि पुढे पाठवतं. पुढचा माणूस अजून एक वाढवतो. खोडत मात्र कुणीच नाही, कारण अट खोडली आणि निवडलेला माणूस कच्चा निघाला तर जबाबदारी खोडणाऱ्यावर येते. अट ठेवल्याबद्दल कुणालाच जाब विचारला जात नाही.

त्यातून काय होतं बघा. फास्ट-एपीआय नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, सेबास्टियन रामिरेझ यांनी तयार केलेलं. २०२० मध्ये त्यांच्या पाहण्यात एक जाहिरात आली. तिच्यात फास्ट-एपीआयचा चार वर्षांहून जास्त अनुभव मागितला होता. त्यांनी जाहीरपणे लिहिलं की मी अर्ज करू शकत नाही, कारण मी ते तयार करूनच दीड वर्ष झालंय! जग हसलं. मला हसताना हेही वाटलं, की ते हसू शकले कारण ते त्याचे जनक होते. सोलापूरची एखादी मुलगी तीच जाहिरात वाचून "आपण कमी पडतोय" असं समजून लॅपटॉप बंद करते.

आता 'सलग ६० टक्के' ही अट घ्या. एका जागेसाठी शेकडो, कधी हजारो अर्ज येतात. वाचायला माणसं नाहीत, म्हणून चाळणी लावायची. ती चाळणी कंपनीच्या सोयीची असते. कामाला काय लागतं याच्याशी तिचा फारसा संबंध नसतो. या चाळणीतून नेमकं कोण गळतं? दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावी सायन्सला गेलेलं पोर. आपल्यातल्या निम्म्या वर्गाला आठवत असेल, अकरावीचं इंग्रजीतलं फिजिक्सचं पुस्तक पहिल्यांदा उघडलं तेव्हा काय झालं होतं ते! भाषा सावरेपर्यंत बारावी येऊन गेलेली असते. पुढे तो मुलगा इंजिनिअरिंगला पंचाहत्तर टक्के का मिळवेना, बारावीचे अठ्ठावन्न त्याच्या मागे चिकटून राहतात. आणि आता ही चाळणी संगणकच लावतो. मुलगा म्हणतो, "मला नाकारलं." प्रत्यक्षात त्याचा अर्ज कुणी वाचलेलाच नसतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये टेस्टिंगची जागा निघाली, म्हणजे तयार सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं काम. मी ही अट काढा म्हटलं. एचआरने कारण विचारलं. मी म्हटलं, "टीममधल्या प्रत्येकाला विचारा, गेल्या सहा महिन्यांत बारावीचं काय वापरलं?" बरीच पत्रापत्री झाली, पण अट निघाली. आलेल्या सगळ्यांना मी एकच काम दिलं. मुद्दाम सात चुका पेरलेलं एक छोटं ॲप, एक तास वेळ, आणि सापडलेली प्रत्येक चूक दुसऱ्याला समजेल अशी लिहून द्यायची. त्यात आपल्या सोलापूरचीच एक मुलगी होती. वडील पॉवरलूमवर कामाला, बारावीला ५४ टक्के. तिने सातपैकी सहा चुका शोधल्या. शिवाय आम्ही न पेरलेली, आम्हालाच माहीत नसलेली एक काढून दिली. मुलाखतीत ती इंग्रजीत अडखळत होती. मी म्हटलं, मराठीत सांग. मग तिने जे समजावलं, त्याला तोड नव्हती. इंग्रजी तिचं वर्षभरात सुधारलं. चूक हुडकायची नजर मात्र मला वर्षभरात कुणाला शिकवता आली नसती.

पण सगळ्याच गोष्टींचा शेवट असा होत नाही. मी आधी ज्या कंपनीत होते तिथे एक बाई आल्या होत्या. नऊ वर्षांचा उत्तम अनुभव, आणि मग तीन वर्षांचा खंड. घरात सासूबाईंना पक्षाघात झाला होता आणि करणारं दुसरं कुणी नव्हतं. मुलाखतीत त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. पण वर्षापेक्षा मोठा खंड असेल तर वरून खास मंजुरी लागायची. मंजुरी यायला सहा आठवडे लागले. तोवर त्यांनी कमी पगाराची दुसरी नोकरी धरली होती. ते सहा आठवडे आमची जागा रिकामी होती आणि काम अडलेलं होतं. घरच्या आजारपणात नोकरी सोडणारा माणूस आपल्याकडे बहुधा बाई असतो. म्हणजे 'खंड नसावा' ही ओळ काय म्हणते, ते वेगळं सांगायला नको. हे बदलू शकतं. टाटा समूहाने २००८ मध्येच खंड पडलेल्या स्त्रियांना कामावर परत आणणारी योजना सुरू केली होती.

सोलापूरच्या माणसाला यातलं काही नवीन नाही. आपल्याकडे टॉवेलच्या कारखान्यात माणूस ठेवताना त्याची गुणपत्रिका कोण बघतं? मागावर उभं करतात. धागा तुटल्यावर हात कसा चालतो ते बघतात. अभ्यासकही तेच सांगतात. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या दोन मानसशास्त्रज्ञांनी ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. प्रत्यक्ष काम करायला लावून घेतलेली परीक्षा आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारणारी मुलाखत, यांवरून माणूस पुढे कसं काम करेल याचा अंदाज चांगला येतो. नुसत्या अनुभवाच्या वर्षांवरून फारच कमी येतो. २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे दुरुस्त करून खाली आणले. तरीही नीट रचलेली मुलाखत वरच राहिली आणि अनुभवाची वर्षं तळाशीच.

गिरण्यांच्या काळातली दुसरी पद्धतही विसरून चालणार नाही. १८७७ मध्ये आपली जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून घराघरांतून माणसं गिरणीत गेली. त्या काळी देशभरच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात असायची. तो आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसं आणायचा, वर दस्तुरी घ्यायचा. १९३१ मध्ये व्हिटली आयोगाने भरती जॉबरच्या हातून काढून घ्या अशी शिफारस केली. आज आमच्याकडे 'रेफरल' असतं. कर्मचाऱ्याने ओळखीचा माणूस सुचवायचा, तो लागला तर बक्षीस मिळतं. पद्धत वाईट नाही, माणसं चांगली मिळतात. पण ज्याच्या ओळखीत आयटीतलं कुणीच नाही, त्याला हा दरवाजा नाही. जुना जॉबर गेला, त्याची सवय राहिली.

ती संगणकालाही लागते. ॲमेझॉन कंपनीने अर्ज निवडायला एक प्रणाली तयार केली होती आणि तिला दहा वर्षांचे जुने अर्ज शिकवले होते. त्यात पुरुषांचे अर्ज जास्त, म्हणून ती बायकांच्या अर्जांना कमी गुण द्यायला शिकली. कंपनीने ती बंद केली. २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली. यंत्राला आपण जे दाखवतो तेच ते शिकतं.

आता तुमच्याकडे काय मागायचंय ते सांगते. या सभागृहात कारखानदार आहेत, डॉक्टर आहेत, सीए आहेत, क्लास चालवणारे आहेत. तुम्ही सगळे माणसं ठेवता. पुढची जाहिरात लिहिण्याआधी कागदावर एवढंच लिहा: हा माणूस पहिल्या तीन महिन्यांत नेमकं काय करेल? मग प्रत्येक अट त्या कामाशी लावून बघा. जी लागत नाही ती खोडा. 'हवंच' आणि 'असल्यास उत्तम' या दोन याद्या वेगळ्या ठेवा, आणि 'हवंच'मध्ये चार-पाचपेक्षा जास्त गोष्टी नकोत. पगार सांगता येत असेल तर सांगा, दोघांचाही वेळ वाचतो. सगळ्यांना तेच प्रश्न विचारा आणि गुण लगेच लिहून ठेवा, चहा पिताना ठरवू नका. नकार असेल तर दोन ओळींत कळवा. वाट बघणाऱ्या घरात त्या दोन ओळींनाही किंमत असते.

मुलांना सांगा, जाहिरातीतल्या सगळ्या अटी पूर्ण करणारा माणूस क्वचितच असतो. मुख्य काम येत असेल तर अर्ज टाकायचा. अर्जात 'मेहनती, प्रामाणिक' असले शब्द नकोत, काय केलं ते लिहायचं. खंड असेल तर लपवायचा नाही, एका ओळीत कारण द्यायचं. आणि नोकरी देतो म्हणून जो पैसे मागतो, तो कंपनीचा माणूस नसतो, हे घरात प्रत्येकाला पक्कं ठाऊक असू द्या. आणखी एक. आपल्या सोलापूरची कितीतरी मुलं घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी, बाजारात हिंदी बोलतात. अर्जात मात्र फक्त इंग्रजी लिहितात. ग्राहकाशी बोलायच्या कामात या भाषा मोलाच्या असतात. त्या लिहायला सांगा.

सर आणि बाईंना एक विनंती. इंग्रजीच्या भीतीने पोरं गप्प बसतात, ती आधी मराठीत तरी बोलती करा. 'हे गणित तू असं का सोडवलंस' हे वर्गासमोर उभं राहून सांगता आलं, की पुढची निम्मी मुलाखत झालीच म्हणून समजा. भाषा नंतर बदलता येते. तुम्ही आम्हाला फळ्यासमोर उभं करायचात तेव्हा राग यायचा. आज मुलाखतीला बसलेल्या मुलांना मी तेच करायला लावते.

शेवटी, बोलून मोकळं व्हायला नको म्हणून एक ठरवून आले आहे. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसाठी, आणि शाळेतून बाहेर पडलेल्या कुठल्याही मुलासाठी, महिन्यातला एक रविवार मी देईन. अर्ज वाचून दाखवीन, सरावाची मुलाखत घेईन. नोकरीचं आश्वासन नाही, वशिला तर नाहीच. आपल्या बॅचमधले आणखी चौघं-पाच जण आयटीत आहेत, त्यांनीही एकेक रविवार घेतला तर महिना भरतो. जेवणाच्या सुट्टीत मी दारापाशी वही घेऊन उभी आहे. नावं तिथेच लिहा.