दहा हजार सेकंदांची आठवण



गोंद आणि लाखेच्या व्यापारावरून या गावाचं नाव गोंदिया पडलं, असं इथली माणसं सांगतात. तसं असेल, तर पॉलिमरच्या इलेक्ट्रॉनिक मेमरीवर बोलायला याहून योग्य जागा नाही. पळसाच्या, बोराच्या, कुसुमाच्या फांदीवर बारीकसा किडा जी राळ सोडतो, ती लाख. तिला काटेकोर अर्थानं पॉलिमर म्हणायला माझे रसायनवाले मित्र कचरतील. कचरू देत. फॅरेडेनं 1837 मध्ये विद्युतरोधक पदार्थांची तुलना केली, तेव्हा काच आणि गंधकाच्या जोडीला लाखही होती.

लाख वितळवून ठसा उमटवला की ती तो धरून ठेवते. ‘लाखोटा’ हा आपला शब्द तिच्यातूनच आला. मोहोर एकदाच उमटते आणि फोडली की पुन्हा सांधता येत नाही. काही पॉलिइमाइडच्या पातळ थरांना पुरेसं व्होल्टेज दिलं की ते कायमचे वाहक होतात, मागे फिरत नाहीत. एकदाच लिहायची, हवी तितक्यांदा वाचायची मेमरी. टपालातला लाखोटा दुसरं काय करत होता? 1902 साली कोलकात्यात गौहरजानचं गाणं मुद्रित झालं, ते लोकांच्या घरी पोचलं लाखेच्याच तबकडीवर. त्या काळच्या तबकड्या जपून ठेवल्या असतील, तर आजही वाजतात.

आता आपल्याकडच्या लाडक्या पदार्थाकडे येतो. पॉलिव्हिनिलिडीन फ्लुओराइड ताणून, विद्युतक्षेत्रात ठेवून तयार केलं, तर दाबाला विजेनं उत्तर देतं, हे जपानच्या कावाई यांनी 1969 मध्ये दाखवलं. साखळीच्या एका अंगाला हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला फ्लुओरिन. बाहेरून पुरेसं क्षेत्र लावलं की साखळ्या कूस बदलतात आणि क्षेत्र काढलं तरी बऱ्याचशा तशाच राहतात. या कुशीवर शून्य, त्या कुशीवर एक. अडचण अशी, की कूस बदलायला मीटरला सुमारे पाच कोटी व्होल्ट लागतात. थर शंभर नॅनोमीटरचा केला, तर तेच काम पाच व्होल्टमध्ये होतं. म्हणून आपण सगळे पातळ थरांच्या मागे लागलो. लागलो ते बरोबरच.

पण आपल्या पेपरांतला एक शब्द मला सलतो: ‘उत्कृष्ट धारणक्षमता’. खाली आलेख पाहावा, तर मोजमाप दहा हजार सेकंदांचं. म्हणजे पावणेतीन तास! पुढची दहा वर्षं तुटक रेषेनं काढलेली. तीही बहुतेकदा कोरड्या नायट्रोजनच्या पेटीत केलेल्या मोजमापावरून. या भाताच्या जिल्ह्यात ऑगस्टची हवा कशी असते, ते तुम्हाला सांगायला नको. पेडॉट-पीएसएस या वाहक पॉलिमरचे इलेक्ट्रोड त्या हवेतली ओल पितात.

हे मी उंच आसनावरून बोलत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचे नमुने एकदा पावसाळाभर कपाटात विसरले होते. दिवाळीनंतर काढले, तर बाराही पुसट. शून्य आणि एक वेगळे ओळखू येईनात. तिनं तो आलेख प्रबंधात घातला होता. वगळायला मीच सांगितलं. त्या प्रबंधातलं सगळ्यांत खरं पान तेच होतं, हे कळायला मला पाच वर्षं लागली.

पॉलिमर सिलिकॉनला हरवेल, असं मी म्हणत नाही. स्वस्त, वाकणाऱ्या, छापता येणाऱ्या लेबलांत त्याला जागा आहे. औषधाच्या पाकिटावर, धान्याच्या पोत्यावर. आणि पोतं गोदामात राहतं, नायट्रोजनच्या पेटीत नव्हे.

तेव्हा माझी एक विनंतीवजा अट आहे. पुढच्या अधिवेशनात पोस्टर लावणाऱ्यानं नमुनाही आणावा, आणि त्यावर लिहिल्याची तारीख घालावी. सुरुवात मी करतो. टेबलावरच्या या डबीत आठ बिटांचा एक नमुना आहे, आज सकाळी लिहिलेला. डबीला झाकण आहे, पण ते हवाबंद नाही. कोणते आठ अंक लिहिले, ते या कागदावर आहे आणि कागद लाखोट्यात. लाख इथल्याच बाजारातून घेतली. पुढच्या वर्षी आधी नमुना वाचू, मग लाखोटा फोडू.