आंघोळ कमी, खरारा रोज

श्रोतेहो, आमच्या कबनूरच्या घरामागे मागांची शेड आहे. तिथे भिंतीला सुताची बिमं टेकवून ठेवलेली असतात. मागांना सुट्टी असली की मी सकाळी बादलीत पाणी ओतायला घ्यायचो आणि त्या आवाजासरशी आमची हरणी त्या बिमांच्या मागे जाऊन दडायची. नुसतं नाक तेवढं बाहेर दिसायचं. मग मी तिला ओढून काढायचो, साबण लावायचो, खसाखसा घासायचो. ती थरथरत उभी राहायची. शेजारचे अण्णा कुंपणावरून म्हणायचे, "लेकरासारखं करतोय बघा कुत्र्याचं!" मला आतून बरं वाटायचं. आपण जनावराची निगा राखतो, याचं कौतुक कुणाला नको असतं?

ही निगा हरणीच्या जिवावर कशी बेतली होती, ते आज सांगायचं आहे.

हरणी जातीने कारवान. म्हणजे लांब तोंडाचं, खोल छातीचं, पोट आत गेलेलं, शिडशिडीत शिकारी कुत्रं. आपल्याकडे कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागात शेतावर आणि मेंढरांमागे हे कुत्रं पूर्वापार दिसतं. सीमेपलीकडे कर्नाटकात त्यालाच मुधोळचं कुत्रं म्हणतात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जपली, वाढवली. 2005 साली टपाल खात्याने चार भारतीय जातींच्या कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यांत मुधोळचं हे कुत्रंही होतं. याचा केस अगदी आखूड असतो, अंगाला चिकटून बसलेला. हात फिरवला तर मांजरपाट कापडावरून फिरवल्यासारखा वाटावा. कातडी पातळ आणि अंगावर चरबी जवळजवळ नाहीच.

हरणी आमच्याकडे 2017 साली आली, दोन महिन्यांची होती तेव्हा. आणि पहिल्याच आठवड्यापासून तिची आंघोळ सुरू झाली.

यात माझं चुकलं कुठे, असं कुणीही विचारेल. आपल्याकडे जनावर धुणं ही पुण्याईची गोष्ट. बेंदराला बैल धुतल्याशिवाय त्यांच्या शिंगांना रंग लागत नाही. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात, पण त्याआधी त्यांना घासूनपुसून अशी चमकवतात की कातडीत तोंड दिसावं. माझ्या वडिलांच्या दावणीला दोन म्हशी होत्या आणि त्यांना रोज धुवायचं काम माझ्याकडे होतं. आता म्हशीला रोज, माणसाला रोज, मग कुत्र्याला निदान आठवड्याला तरी नको का? असा माझा सरळ हिशेब होता.

वर्षभरात हरणी खाजवायला लागली. आधी कानामागे, मग पोटाखाली, मग पाठीवर. काळ्या अंगावर पांढरा कोंडा दिसू लागला. मला वाटलं, अंग स्वच्छ होत नसावं. म्हणून आठवड्याला एकाच्या दोन आंघोळी केल्या. साबणही बदलला, आमचाच अंगाचा, पण जास्त वासाचा आणला. कुणी तरी सांगितलं म्हणून पाण्यात जंतुनाशक द्रवाचं एक टोपण टाकू लागलो. खाज काही थांबेना. उलट शेपटीच्या बुडाशी तिने चावून चावून ओली जखम करून घेतली.

शेवटी तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "आंघोळ किती वेळा घालता?" मी छाती फुगवून सांगितलं, "आठवड्याला दोनदा." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

त्यांनी मला जे समजावलं ते मी जन्मात विसरणार नाही. माणसाच्या कातडीचा वरचा पापुद्रा दहा-पंधरा पेशींच्या थरांचा, तर कुत्र्याचा जेमतेम तीन ते पाच थरांचा. आपली कातडी थोडी आम्लाकडे झुकलेली, कुत्र्याची त्या मानाने सौम्य. त्यामुळे माणसाचा साबण कुत्र्याला मानवतोच असं नाही. कुत्र्याच्या कातडीतून बारीक तेल पाझरतं. केसाची तकाकी त्याच तेलाची असते, आणि पाणी, धूळ, जंतू आत शिरू न देणारी राखणही तेच करतं. आपण साबणाने घासतो तेव्हा मळाबरोबर हे तेलही जातं. कातडी कोरडी पडते, कोंडा होतो, खाज सुटते. कुत्रं खाजवतं, जखम होते, जखमेत जंतू शिरतात. आणि आपण म्हणतो, घाण झालंय, घाला अजून एक आंघोळ!

मी म्हशीचं उदाहरण पुढे केलं. डॉक्टर हसले. म्हणाले, "म्हशीचं कातडं जाड, काळं, ऊन ओढून घेणारं. तिच्या अंगावर घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने फारच कमी. पाण्यात बसणं ही तिची अंग निवण्याची सोय आहे. कुत्रं जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग निववतं. माणसासारखं त्याचं अंग घामाने निथळत नाही. मग रोजचा घाम धुवायचा तो कुठला?"

मंडळी, गोष्ट इथे संपली असती तर तुमच्यापुढे बोलायला आलोच नसतो. खरी चूक पुढेच आहे.

डॉक्टरांनी जखमेला औषध दिलं आणि गोचिडांसाठी मानेवर टाकायच्या थेंबांची एक नळी दिली. महिनाभर आंघोळ बंद, असं बजावलं. हरणीची कातडी सुधारली. दोन-तीन महिने मी शहाण्यासारखा वागलो. पुढे पावसाळ्यात घरात वास येतो अशी कुरबूर सुरू झाली आणि माझा जुना हात पुन्हा वळवळला. शनिवारी संध्याकाळी मी नवी नळी तिच्या मानेवर टाकली आणि रविवारी सकाळी साबण लावून तिला लख्ख धुतलं. वेष्टनावर लिहिलं होतं की औषधाच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ घालू नये. ते औषध कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं. मी चष्मा लावून ते वाचलं नव्हतं. त्या सकाळी बादलीभर पाण्याबरोबर हरणीची राखण मोरीतून वाहून गेली.

तीन आठवड्यांनी तिने भाकरी सोडली. दुसऱ्या दिवशी दूधही सोडलं. मोटारसायकलमागे धावणारं कुत्रं जिना चढताना थांबू लागलं. मी म्हटलं, पावसाळी हवा आहे, होईल बरी. चौथ्या दिवशी पहाटे तिच्या नाकातून रक्त आलं. शेडमधल्या पांढऱ्या कापडावर ते थेंब पाहून माझ्या पोटात गोळा आला.

डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. पांढुरक्या पडल्या होत्या. रक्त तपासलं तर प्लेटलेट पार खाली. गोचिडांचा ताप! गोचीड चावली की काही तासांतच हा आजार रक्तात उतरू शकतो. डॉक्टरांनी तिच्या पायाच्या बोटांमधून दोन आणि कानाच्या आतून एक गोचीड काढून माझ्यासमोर ठेवली. फुगून वाटाण्याएवढी झाली होती. "साबण लावताना हात लागला नाही का हो?" त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. आंघोळ मी नेमाने घालत होतो, पण कुत्र्याकडे बघत नव्हतो.

चार आठवडे गोळ्या चालल्या. पहिले पाच दिवस सौ.ने तिला चमच्याने पेज भरवली. मी रात्री शेडमध्ये तिच्याजवळ झोपलो. सहाव्या दिवशी तिने बिमामागून उठून माझा हात चाटला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सांगायला लाज वाटत नाही.

तेव्हापासून आमच्या घरचा नेम बदलला. आखूड केसांच्या निरोगी कुत्र्याला साधारण महिना ते तीन महिन्यांतून एक आंघोळ पुरते. कातडीच्या वरच्या थराला नवा व्हायलाच तीन आठवडे लागतात. पण कॅलेंडरचा वार बघून नव्हे, कुत्र्याकडे बघून आंघोळ घालावी. चिखलात लोळलं, घाणीत अंग घासून आलं, तर तेव्हाच धुवावं. नुसते पाय भरले असतील तर ओल्या फडक्याने पुसावेत, अख्ख्या कुत्र्याला भिजवू नये. डॉक्टरांनी कातडीच्या आजारासाठी औषधी शाम्पू दिला असेल, तर ते सांगतील तितक्या वेळा धुवायचं. तिथे हा हिशेब लागू नाही. असा शाम्पू बहुतेक वेळा दहा मिनिटं अंगावर ठेवावा लागतो. लावला आणि लगेच धुतला तर पैसे पाण्यात.

आंघोळ घालायची तर दुपारच्या आत, ऊन असताना, कोमट पाण्याने. शाम्पू कुत्र्यांसाठीचाच, पाण्यात पातळ करून. मानेपासून मागे जावं, डोकं शेवटी ओल्या कपड्याने पुसावं. कानात पाणी जाऊ देऊ नये. साबणाचा अंश राहिला तरी खाज सुटते, म्हणून दोनदा स्वच्छ पाणी ओतावं. मग टॉवेलने टिपून कोरडं करावं. कारवानसारख्या काटक्या कुत्र्याला थंडी पटकन बाधते.

आंघोळीनंतर दुसऱ्याच दिवशी पुन्हा घाण वास आला, तर पुन्हा बादली भरू नका. कान पिकला असेल, दात किडले असतील, शेपटीखालच्या ग्रंथी भरल्या असतील किंवा कातडीला बुरशी असेल. तो वास म्हणजे कुत्र्याने तुम्हाला धाडलेला निरोप आहे. साबणाने तो पुसू नका.

आमच्या भागाचं आणखी एक दुखणं सांगतो. मागांच्या शेडमध्ये कुत्रं असलं की अंगावर कापसाचा तूस बसतो आणि कधी यंत्राचं काळं तेल लागतं. ते काढायला लोक रॉकेल चोळतात. गोचिडांवरही रॉकेल, नाही तर फिनेल. कृपा करून हे करू नका. कातडी भाजते, आणि कुत्रं अंग चाटतं तेव्हा ते विष पोटात जातं. तेलाच्या डागावर थोडं गोडं तेल चोळावं, तो सुटला की सौम्य शाम्पूने तेवढीच जागा धुवावी. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी, बोटांनी चिरडू नये. आणि लक्षात ठेवा, गोचीड अंडी घालते ती भिंतीच्या फटीत, तीही हजारोंनी. म्हणून फटी बुजवणं हीदेखील कुत्र्याचीच निगा.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. तेव्हा नदीकाठचे आमचे पाहुणे आमच्याकडे राहायला आले, त्यांच्याबरोबर त्यांचं कुत्रंही. पुराच्या पाण्यातून आलेलं, पोटापर्यंत चिखल. त्या दिवशी मी पुन्हा बादली भरली. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टोचा रोग कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. म्हणून रबरी हातमोजे घालून त्याला स्वच्छ धुतलं. आंघोळीशी माझं वैर नाही, श्रोतेहो. ती गरजेच्या वेळी असावी, एवढंच.

मग रोज काय करायचं? घोड्याला खरारा करतात ना, तसा कुत्र्याला करायचा. रबरी ब्रश घ्या, नाही तर जुन्या घोंगडीचा तुकडा. केसांच्या दिशेने पाच मिनिटं फिरवा. मेलेले केस निघतात, धूळ झडते, कातडीचं तेल अंगभर पसरून तकाकी येते. पाणी एक थेंब लागत नाही, आणि आमच्यासारख्या पाण्याची चणचण असलेल्या गावात ही काही लहान गोष्ट नाही. खरारा झाला की रिकाम्या हाताने बघायचं. कानात, गळपट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या बुडाशी. कुठे गाठ लागते का, कुठे कुत्रं अंग चोरतं का. शेवटी ओठ उचलून हिरड्यांचा रंग.

हरणी आता म्हातारी झाली आहे. तोंडावरचे केस पिकलेत, मोटारसायकलकडे ती नुसती बघते. पण संध्याकाळी माग बंद झाले आणि मी घोंगडीचा तुकडा हातात घेतला की बिमांच्या मागून आपणहून उठून येते आणि माझ्या गुडघ्याला पाठ लावून उभी राहते. बादलीच्या आवाजाला मात्र अजूनही कान टवकारते. तेवढा अविश्वास मी कमावलेला आहे.