केसपेपरवर आजोळही हवं





मुंबईत परळच्या आचार्य दोंदे मार्गावर केईएम रुग्णालय १९२६ पासून आणि वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून उभं आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी केईएममध्ये देशातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. हृदयावर शस्त्रक्रिया करायला परळ लवकर शिकलं. हृदयदोष असलेल्या मुलाच्या घरच्यांशी आनुवंशिकतेबद्दल बोलायला मात्र आपल्याला अजून फुरसत होत नाही.

हजार बाळांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. ऑपरेशन ठरलं की मदतीसाठी ट्रस्टचे अर्ज, रक्तदाते, रजा यांची धावपळ सुरू होते. आई मनात एकच प्रश्न घेऊन बसलेली असते, की हे माझ्यामुळे झालं का? घरात उत्तर तयार असतं. ग्रहण पाळलं नाही, नको ते खाल्लं. ‘आमच्याकडे असं कुणाला नाही,’ असं सासूबाई म्हणतात, तेव्हा रोख सुनेच्या माहेराकडे असतो.

हा ठपका पुसणं हे आनुवंशिक समुपदेशनाचं पहिलं काम, आणि ते दिलासा देऊन भागत नाही, माहिती द्यावी लागते. बहुतेक दोषांमागे एकच एक जनुक सापडत नाही. बाविसाव्या गुणसूत्राचा बारीकसा तुकडा गळल्याने फॅलोट टेट्रालॉजीसारखे हृदयदोष होऊ शकतात; असा तुकडा गळलेल्या दहापैकी नऊ मुलांमध्ये हा बदल नव्याने घडलेला असतो, आईतही नसतो आणि वडिलांतही नसतो. हृदयावर परिणाम करणारा मारफान किंवा नूनान सिंड्रोम वडिलांकडूनही येऊ शकतो. म्हणून तपासायचं तर दोघांना.

दुसरं काम आकड्यांचं. सिंड्रोम नाही, घरात दुसरं कुणी आजारी नाही, अशा जोडप्याच्या पुढच्या बाळाला धोका साधारण दोन ते चार टक्के. ‘शंभरातल्या शहाण्णव-अठ्ठ्याण्णव बाळांचं हृदय ठीक असतं,’ असं सांगितलं की नवराबायकोचे खांदे सैल पडतात. वडिलांना मारफान असेल तर मात्र दर खेपेला निम्मी शक्यता. ‘एकाला झालं, आता दुसरं सुटलं’ हा हिशेब इथे चालत नाही; प्रत्येक गरोदरपणी छापा-काटा नव्याने उडतो.

तिसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वंशावळ लिहायची आपल्याला जुनी हौस आहे. पण जुने कुळवृत्तांत उघडून पाहा. मूळ पुरुषापासून पिढ्या उतरत येतात, लेक सासरी गेली की तिची शाखा तिथेच थांबते, आणि तान्हेपणी गेलेली मुलं बहुधा नोंदलेलीच नसतात. जनुकं ही रीत पाळत नाहीत. आपले केसपेपर मात्र अजून पाळतात.

लालबागची एक मुलगी शाळेत धावताना बेशुद्ध पडायची. फिट समजून औषध चालू होतं. ‘घरात कुणाला हृदयविकार?’ या प्रश्नाला सगळ्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मग विचारलं, ‘तरुणपणी अचानक कुणी गेलं का?’ सोबत आलेली आईची आई म्हणाली, ‘माझा भाऊ गावी विहिरीत गेला. पट्टीचा पोहणारा, कसा बुडाला ते कुणाला कळलं नाही.’ मुलीचा ईसीजी काढला, त्यात क्यूटी अंतर लांबलेलं होतं, म्हणजे ठोके अचानक बिघडवू शकणारा आनुवंशिक आजार. आईचा काढला, मावशीचा काढला, दोघींचंही तसंच. पोहणं आणि धावणं ही या आजारात ठोके बिघडवणारी ओळखीची कारणं आहेत. औषध बदललं, आणि तिघींवर वेळेत उपचार सुरू झाले. निदानाची वाट दाखवली ती आजोळाने.

चौथी गोष्ट वेळेची. गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी अठरा ते बावीस आठवड्यांत चांगली होते. २००८ मध्ये एका जोडप्याने आपले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात गर्भपाताच्या परवानगीसाठी दाद मागितली. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष होता, पण कायद्याची वीस आठवड्यांची मर्यादा उलटली होती. परवानगी मिळाली नाही. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भातल्या गंभीर दोषासारख्या ठरावीक कारणांसाठी मर्यादा चोवीस आठवडे झाली. त्यापुढे मोठं व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ निर्णय देतं. गर्भ ठेवायचा की नाही हे आपण ठरवायचं नाही. पण ज्यांच्या आधीच्या मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय, त्यांना ही तपासणी कधी करायची हे ठाऊक नसेल, तर ती चूक आपली आहे.

म्हणून डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवा विभागातल्या सहकाऱ्यांच्या या संमेलनाने तीन ठराव करावेत. एक, हृदयदोष असलेल्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर तीन पिढ्यांची वंशावळ असावी, दोन्ही बाजूंची, दगावलेल्या बाळांसह. दोन, डिस्चार्ज कार्डासोबत साध्या मराठीत एक पानाचं पत्र द्यावं: दोषाचं नाव, पुढच्या बाळाला किती धोका, गर्भाची तपासणी कोणत्या आठवड्यात आणि नातेवाइकांपैकी कुणाला तपासायचं. तीन, जिथे मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया होते, त्या प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयात आनुवंशिक समुपदेशकाचं कायम पद असावं.

तिसऱ्या ठरावासाठी महापालिकेकडे आणि सरकारकडे खेटे घालावे लागतील. पहिल्या दोहोंसाठी पेन पुरे. उद्या ओपीडीत पहिला केसपेपर उघडाल, तेव्हा आईच्या माहेरचा रकाना कोरा सोडू नका, एवढी विनंती करते आणि थांबते.