बाटलीकडून फुलपात्राकडे

एखादा मनुष्य फारच भोळा असला, म्हणजे 'तो अजून बोळ्यानें दूध पितो' असें आपण म्हणतों. या बोलण्यांत आपल्या वाडवडिलांचें एक व्यवहारज्ञान सांठविलेलें आहे. बोळ्यानें दूध पिण्याचें एक वय असतें. तें सरलें, कीं बोळा सुटला पाहिजे. पुढें बोळा गेला, चांदीचें बोंडलें माळ्यावरच्या पेटींत जाऊन पडलें, आणि त्यांच्या जागीं रबरी निपलची बाटली आली. परंतु ती सोडण्याचें वय ठरविण्यास मात्र आपण विसरलों. तें वय कोणतें, आणि बाटली सुटल्यावर एक-दोन वर्षांच्या मुलानें काय प्यावें, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहें.

मी वैद्य नाहीं; शाळेंत मुलें शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. हा धडा मला शिकविला तो माझ्या नातवानें, आणि तोहि माझ्याच चुकीमुळें. नातू दीड वर्षाचा होता. दिसावयास गुबगुबीत. दिवसांतून पांच-सहा बाटल्या दूध पीत असे. पण वरणभाताचा घास पुढें केला, कीं तोंड फिरवी. सून काळजीनें म्हणे, "बाबा, हा कांहींच जेवत नाहीं." त्यावर मी अधिकारवाणीनें सांगें, "अग, दूध हें पूर्णान्न आहे. तें पोटांत जात आहे ना, मग झालें!" पुढें मूल लवकर दमूं लागलें, चिडचिडें झालें, आणि एके दिवशीं भिंतीचा पोपडा खातांना सांपडलें. डॉक्टरांनीं पापणी खालीं ओढून पाहिली व रक्त तपासविलें. हिमोग्लोबिन साडेदहा-अकराच्या वर असावयाचें, तें आठावर आलें होतें. "दूध किती पितो?" असें त्यांनीं विचारलें. मीं मोठ्या अभिमानानें आंकडा सांगितला. ते शांतपणें म्हणाले, "आजोबा, दुखणें तेथेंच आहे."

त्यांनीं जें समजावून दिलें, तें थोडक्यांत असें. दुधांत चुना आहे, प्रथिनें आहेत. परंतु लोह जवळजवळ नाहीं. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दररोज सुमारें ८ मिलिग्रॅम लोह लागतें, आणि गाईच्या लिटरभर दुधांत तें एक मिलिग्रॅमसुद्धां नसतें. शिवाय दुधांतील चुना व प्रथिनें इतर अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहींत. आणि दुधानेंच पोट भरल्यावर डाळ, पालेभाजी, अंडें यांची भूक तरी कोठून राहणार? मूल अंगानें भरतें आणि रक्तानें रितें होतें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत सहा महिने ते पांच वर्षें या वयाच्या शंभर मुलांपैकीं ६७ मुलें रक्तक्षयी आढळलीं. महाराष्ट्रांत हें प्रमाण ६९ च्या जवळ होतें. या सर्वांचें कारण बाटली नव्हे, हें उघड आहे. परंतु जेथें अन्नाला तोटा नाहीं, अशा घरांतहि हें दुखणें प्रेमाच्या वाटेनें शिरतें. या वयांत मेंदूची वाढ झपाट्यानें होत असते, आणि लोहाची उणीव तिलाहि बाधते. मास्तर या नात्यानें ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली.

दुसरी हानि दांतांची. मूल बाटली तोंडांत धरून झोंपी जातें. झोंपेंत लाळ कमी सुटते, दुधांतील साखर दांतांवर तशीच राहते, आणि वरचे पुढचे दांत प्रथम किडूं लागतात. आडवें पडून पिण्यानें कान फुटण्याचाहि संभव वाढतो. आणि निपलच्या आंतील घाण नीट न निघाल्यास जुलाब लागतात. म्हणूनच आपल्या देशांत १९९२ सालीं कायदा होऊन दुधाच्या भुकट्यांबरोबर बाटल्यांच्या जाहिरातींनाहि बंदी झाली, आणि २००३ सालीं तो कायदा अधिक कडक करण्यांत आला.

आतां प्यावें काय? पहिले सहा महिने केवळ आईचें दूध, पाणीहि नको. सहाव्या महिन्यानंतर वरच्या अन्नाबरोबर उकळून निवविलेल्या पाण्याचे दोन-चार घोट वाटीनें किंवा पेल्यानें द्यावे. वर्षापूर्वीं गाई-म्हशीचें दूध हें मुख्य पेय करूं नये. वर्ष पुरें झालें, कीं पेयें दोनच: दूध आणि साधें पाणी. दूध साय न काढलेलें असावें. पण दहीताकासह दिवसांतून अर्ध्या लिटरच्या आंत. मूल अंगावर पीत असेल तर त्याहूनहि कमी पुरतें, आणि आईचें दूध दोन वर्षांपर्यंत व पुढेंहि अवश्य चालूं ठेवावें.

फळांचा रस वर्षाच्या आंत मुळींच नको. पुढेंहि अर्ध्या कपाहून अधिक नको. संत्र्याची बी काढलेली फोड मुलाच्या हातांत दिलेली केव्हांहि चांगली. शहाळ्याचें पाणी अधूनमधून द्यावें, परंतु तें अन्नाच्या जागीं नव्हे. वरणाच्या वरचें पाणी पाजण्यापेक्षां खालची डाळच कुस्करून द्यावी. सरबतें व बाटलीबंद गोड पेयें दोन वर्षांपर्यंत घरांतच आणूं नयेत. डब्यांतील गोड भुकट्यांची भुरळ आपल्याला फार पडते; त्यांत साखरेचा भाग मोठा असतो. अशीं पेयें 'आरोग्यपेय' या नांवाखालीं विकूं नयेत, असें २०२४ सालीं केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानें इंटरनेटवरील विक्रेत्यांना कळविलें होतें. आणि बशींतला चहा! आम्हां आजोबांचा हा लाडका अपराध. चहांतील टॅनिन अन्नांतलें लोह बांधून टाकतें. मीं स्वतः नातवाला चहांत बुडविलेलें बिस्कीट भरविलें आहे, हें येथें कबूल करतों.

बाटली सोडविण्यास वर्षाच्या सुमारास आरंभ करावा आणि दीड वर्षापर्यंत ती संपवावी. आम्हांला उशीर झाला होता. प्रथम दुपारची बाटली बंद केली, मग सकाळची. त्यांच्या जागीं स्टीलचें छोटें फुलपात्र दिलें. त्यांत दोनच घोट दूध. अर्धें अंगावर सांडे, परंतु आठवड्याभरांत हात सांवरला. झडपेचे, चोखावयाचे पेले आम्हीं आणले नाहींत. तें बाटलीचेंच दुसरें रूप होय. रात्रींची बाटली शेवटीं ठेवली. जेवणानंतर फुलपात्रानें दूध, मग दांत घासणें, मग एक गोष्ट. त्यानंतर तहान लागली तर केवळ पाणी.

पहिल्या रात्रीं तो पाऊण तास रडला. माझ्यानें ऐकवेना. मी उठून स्वयंपाकघराकडे निघालों, तों सून दाराशीं उभी. तिचेहि डोळे भरलेले होते. ती म्हणाली, "बाबा, आज नको. आज दिली तर उद्यां पुन्हां एवढेंच रडावें लागेल त्याला." मी परत फिरलों. तिसऱ्या रात्रीं रडणें पांच मिनिटांवर आलें. चौथ्या रात्रीं गोष्ट संपण्यापूर्वींच तो झोंपला.

डॉक्टरांनीं लोहाचें औषध दिलें होतेंच. ज्यांच्या मुलांत अशीं लक्षणें दिसतील त्यांनींहि औषध आपल्या मनानें न देतां रक्त तपासून घ्यावें. तीन महिन्यांनीं रक्ताचा आंकडा अकराच्या वर गेला. परंतु मला त्याआधींच उत्तर मिळालें होतें: एके दुपारीं त्यानें माझ्या ताटांतली भाकरी आपण होऊन मागितली.

श्रोतेहो, मुलें बाटली चार रात्रींत विसरतात. ती विसरणें जड जातें तें आपणां वडील माणसांना. कारण बाटली तोंडांत दिली, कीं मूल गप्प राहतें, आणि गप्प मूल म्हणजे सुखी मूल असें आपण समजतों. तेवढी एक समजूत आपण सोडली, तर बाटली आपोआप सुटेल.