कर्बवायूचे सीमोल्लंघन

कारखान्याचे इंधन बदलता येते. चुनखडीचा स्वभाव बदलता येत नाही. सिमेंटसाठी ती भाजली की तिच्यात बांधलेला कर्बवायू मोकळा होतो, आणि त्या उद्योगाच्या उत्सर्जनात निम्म्याहून अधिक वाटा याचाच. तो धुराड्यापाशीच पकडून भूगर्भात कोंडणे, हा एक मार्ग उरतो.

नॉर्वेने १९९६ पासून उत्तर समुद्राच्या तळाखालील वालुकाश्मात, स्लाइप्नर येथे, असा वायू साठवला. मग शेजारी देशांचा वायू समुद्राखाली का गेला नाही? अडचण यंत्रांची नव्हती. समुद्रात विसर्जनासाठी टाकाऊ पदार्थ परदेशी धाडू नयेत, असे लंडन प्रोटोकॉल सांगतो (तोही १९९६ चाच!), आणि कर्बवायू त्याच कलमात अडकला. २००९ मध्ये दुरुस्ती संमत झाली. परंतु पुरेशा राष्ट्रांच्या मान्यतेअभावी ती दहा वर्षे निष्प्रभ राहिली. हा विलंब अक्षम्यच म्हणावा लागेल. अखेर २०१९ मध्ये तिच्या तात्पुरत्या अंमलाची मुभा मिळाली, आणि मार्च २०२३ मध्ये बेल्जियमचा कर्बवायू डेन्मार्कच्या समुद्रतळाखाली उतरला. त्याआधी दोन्ही देशांना आपसांत करार करावा लागला होता. परवान्यांची जबाबदारी कोणाची, हे अशा करारात आधीच ठरवावे लागते.