रात्री पायी पाहावयाचे बडोदे

पुण्यामुंबईहून लग्नकार्यासाठी बडोद्यास येणारी आपली आप्तमंडळी दुपारी मोटारीने लक्ष्मीविलास राजवाडा पाहतात, कमाटीबागेतील संग्रहालयात तासभर काढतात, रात्री एखाद्या थंडगार भोजनगृहात पनीरची भाजी मागवून जेवतात, आणि दुसऱ्या दिवशी आगगाडीत बसताना ‘बडोदे झाले’ असे निःशंकपणे सांगतात. हीच मंडळी पॅरिसला किंवा बँकॉकला गेली म्हणजे मध्यरात्रीपर्यंत गल्लीबोळ तुडवितात, नावही उच्चारता येत नाही असा पदार्थ ठेल्यापाशी उभ्याने खातात, आणि परतल्यावर त्याची साग्रसंगीत वर्णने ऐकवून आपल्याला बेजार करतात. बडोद्याचे सयाजीराव महाराज १८८७ साली प्रथम युरोपास गेले आणि पुढे वारंवार जात राहिले. तिकडे जे चांगले दिसले ते त्यांनी या नगरीत आणले. त्या नगरीत चार पावले चालण्याचा मात्र आपणास कंटाळा! म्हणून मला मिळालेल्या मिनिटांत एकच गोष्ट सांगणार आहे: दोनचार स्नेही घ्या, वाहन घरी ठेवा आणि दिवेलागणीनंतर चार दरवाजांच्या आत शिरा.

सुरसागराच्या पाळीवरून निघावे, १८९६ सालचे न्यायमंदिर डोळे भरून पाहावे आणि समोरच्या लहेरीपुरा दरवाजातून आत जावे. मांडवीच्या चौकोनी इमारतीपासून चार दिशांना चार रस्ते फुटतात, लहेरीपुरा, चांपानेर, पाणी आणि गेंडी या दरवाजांकडे जाणारे. त्यामुळे पोळांच्या, म्हणजे जुन्या गल्ल्यांच्या, जाळ्यात वाट चुकलेला मनुष्यही कोणास ‘मांडवी कुठे?’ एवढे विचारून परत मार्गास लागतो. आणि वाट चुकावी, असे माझे मत आहे. मोटारीतल्या माणसाला ती चैन परवडत नाही. त्याला मागून भोंगे वाजविणारे असतात.

आता सेव-उसळीकडे वळतो, कारण बडोद्याच्या रात्रीचा विषय तिला टाळून पुरा करणे अशक्य आहे. कीर्तिस्तंभाजवळ महाकाळीच्या नावाने चालणारी सेव-उसळ तर सर्वश्रुत आहे. ताटलीत वाटाण्याची पातळ उसळ, तीवर मूठभर शेव, कांद्याची पात, लसणाची चटणी, पाव आणि शेजारी निराळ्या भांड्यात लालभडक तरी. ती किती ओतावयाची याचा अखत्यार सर्वस्वी खाणाराचा. जाणता गडी शेव एकदम टाकीत नाही. थोडी टाकतो, ती मऊ पडण्याच्या आत संपवितो आणि मग पुन्हा टाकतो. उसळ आपली, शेव गुजरातची. दोन समाज शेजारी राहिले, त्याचा हा दस्तऐवज कोणत्याही दफ्तरखान्यात मिळावयाचा नाही.

त्या वाटाण्याचेच पाहा. तो रात्रभर पाण्यात भिजावा लागतो. घाई करून भडक आचेवर शिजवाल तर साल सुटून वर येते आणि गाभा टणक तो टणकच राहतो. मोटारीतून पाहिलेले शहर अगदी असेच हाती लागते: वरची साल, म्हणजे राजवाडा आणि संग्रहालय, तेवढी सुटून येते. शहरात स्वतःला भिजत घालावे लागते, त्यास वेळ लागतो, आणि अंधारही लागतो. स्नेही कशाला, असे कोणी विचारील, तर एकटा वाटाणा कोणत्या गृहिणीने भिजत घातला आहे?

‘तुमच्या गुजरातेत मद्य नाही, मग रात्र कसली?’ असे एका भाच्याने मला विचारले. १९४९ साली बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हापासूनची ही बंदी, १९६० नंतर गुजरात राज्यानेही चालू ठेवलेली. पण अरे, नवरात्रात येऊन बघ! रात्र रात्र गरब्याची वर्तुळे फिरत असतात, आणि कारेलीबागेतल्या रात्री बाजारात तर इतर दिवसांतही खाणारांची दाटी असते. परवाना चहालाही लागत नाही आणि गप्पांनाही नाही.

रावपुऱ्याविषयी सविस्तर बोलावयाचे होते. तेथील टॉवर महाराजांच्या पहिल्या राणी चिमणाबाईंच्या स्मरणार्थ उभारलेला. भाऊ तांबेकरांचा वाडा तर त्याच्या भिंतींवरील चित्रांसाठी दिवसाउजेडी पुन्हा जाऊन पाहिला पाहिजे, आणि त्या चित्रांत... पण काचेपलीकडून हात दिसू लागला आहे, तेव्हा ते राहू द्या. पुन्हा एकदा सांगतो, कारण काहींनी रेडिओ आत्ताच लावला असेल: पायी जा, रात्री जा, एकटे जाऊ नका. परतताना लीलो चिवडा घ्या. बटाट्याचा कीस आणि हरभऱ्याची डाळ यांचा हा ओलसर, आंबटगोड प्रकार ताजाच खावयाचा असतो, डब्यात भरून महिनाभर पुरवावयाचा नसतो. चपला मात्र सवयीच्या घाला. लग्नातल्या नव्या जोड्यांनी मांडवीपर्यंतही पोहोचणार नाही.